हौल्सलोन भरलं का? स्तुद्लागिल दरीला निघण्याआधी धरणाची पातळी बघायची

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळी दुधाच्या आधी राजाराम बंधाऱ्याचा आकडा हातात पडतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, राधानगरी किती भरलं, किती दरवाजे उघडले. हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. आइसलँडला निघालेल्या कोल्हापूरकराला हीच सवय तिथे कामाला येते, आणि ती नसलेले पर्यटक हमखास फसतात.

पूर्व आइसलँडमधली स्तुद्लागिल ही दरी फोटोंमुळे जगभर गाजली. दोन्ही बाजूंना २० ते ३० मीटर उंचीचे काळ्या दगडाचे सहा कोनी खांब आणि मधून निळंहिरवं पाणी. पण हे पाणी वर्षभर निळंहिरवं नसतं. ऐन ऑगस्टमध्ये, म्हणजे पर्यटकांच्या भर हंगामात, ते आपल्या पंचगंगेसारखं गढूळ होतं, आणि दरीच्या तळाशी उभं राहायची जागाही पाण्याखाली जाते. लाखो रुपये खर्चून गेलेला माणूस पुलावर उभा राहून विचारतो, फोटोतली नदी ती हीच का? नदी तीच. वरचं धरण भरलेलं असतं.

त्या नदीचं रोजचं नाव योक्ला. ती वात्नायोकुल या आइसलँडमधल्या सगळ्यात मोठ्या हिमाच्छादनाच्या ब्रुआरयोकुल या हिमनदीतून निघते आणि सुमारे १५० किलोमीटर वाहून उत्तरेला समुद्राला मिळते. धरण होण्याआधी ती त्या देशातल्या सगळ्यात गढूळ नद्यांपैकी एक होती. दरीतून काठोकाठ राखाडी-तपकिरी लोंढा जायचा आणि आज ज्या खांबांच्या पायथ्याशी लोक उभे राहतात तो पायथा सात-आठ मीटर पाण्याखाली असायचा. दरीला कुणी नावाजत नव्हतं, कारण दरी दिसतच नव्हती.

२००३ साली कौराह्न्यूकार जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं. २८ सप्टेंबर २००६ ला हौल्सलोन हा जलाशय भरायला घेतला, २००७ पासून वीज सुरू झाली. खालच्या नदीतलं हिमनदीचं पाणी तुटलं, पातळी उतरली आणि खांब उघडे पडले. तरीही पुढची आठ-दहा वर्षं आजूबाजूचे शेतकरी सोडले तर फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. २०१६-१७ च्या सुमारास फोटो पसरले आणि मग गाड्यांची रांग लागली.

आता हा प्रकल्प समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही, शेजारचं कोयना डोळ्यांसमोर आणा. कोयना नदी मुळात कृष्णेला मिळून पूर्वेला जाणारी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं, टर्बाइन फिरवली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. नदी एका खोऱ्यातली, पाणी दुसऱ्या खोऱ्यात. कौराह्न्यूकारला नेमकं तेच केलंय. योक्लाचं पाणी जवळजवळ ४० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून शेजारच्या फ्ल्योत्सदालुर खोऱ्यात नेलं आणि तिथे डोंगराच्या पोटातल्या वीजघरावर सोडलं. पाणी सुमारे ६०० मीटर खाली येतं. सहा फ्रान्सिस टर्बाइन, एकूण ६९० मेगावॅट.

आकडे आपल्या मापात घेतले की गंमत कळते. वीजघर पूर्ण क्षमतेनं चालतं तेव्हा सेकंदाला १४४ घनमीटर पाणी घेतं, म्हणजे पाच हजार क्युसेकच्या आसपास. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक सुटतात. म्हणजे आपले साडेतीन दरवाजे. तेवढ्याच पाण्यावर ६९० मेगावॅट निघतात, कारण ते ६०० मीटर वरून पडतं. हौल्सलोनचा साठा सुमारे २१० कोटी घनमीटर, म्हणजे ७४ टीएमसी. राधानगरी ८.३६, कोयना १०५. मुख्य धरणाची उंची १९८ मीटर, कोयनेच्या जवळजवळ दुप्पट. हे दगडी बांधकामाचं धरण नव्हे. दगडांचा भराव रचून, दाबून, पाण्याच्या बाजूला वर काँक्रीटची पाटी घातली आहे. पाणी अडवते ती पाटी आणि तिला मागून रेटून धरतो तो भराव.

सगळी वीज जवळपास एकाच गिऱ्हाइकासाठी. रेयदारफ्योर्दुर गावात २००७ साली सुरू झालेला ॲल्युमिनियमचा कारखाना.

तर खांब. पन्हाळ्याच्या पायथ्याला, खाणीत, विहिरीच्या कडेला जो काळा फत्तर दिसतो, तोच हा दगड: बेसाल्ट. आपला दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि तिकडचा त्यामानानं अगदीच कोवळा, पण जात एकच. असे खांब बघायला आपल्याकडे मुंबईच्या अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, आणि पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवड्यालाही आहेत. जिल्ह्यातल्या किती जणांना ते माहीत आहेत हा वेगळा प्रश्न.

खांब कसे होतात ते मे महिन्यात आटलेल्या तळ्याच्या तळाशी बघायला मिळतं. चिखल वाळताना आकसतो, आकसायला जागा नसते म्हणून भेगा पडतात आणि भेगांची जाळी पंचकोनी-षटकोनी होते. लाव्हाचंही असंच, फक्त तिथे पाणी उडून जाण्याऐवजी उष्णता निघून जाते. लाव्हा सुमारे ९८० अंशांना घट्ट होतो. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगांत दिसलं की भेगा पडतात ते त्याच्या ९० ते १४० अंश खाली, म्हणजे ८४० ते ८९० अंशांच्या टप्प्यात. दगड तोवर घट्ट झालेला असतो, पण लालबुंद असतो. भेग थंड पृष्ठभागापासून सुरू होते आणि थंडावा जसा आत सरकतो तशी त्याच दिशेनं आत जाते. म्हणून खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात उभे असतात. सावकाश थंड झालं तर खांब जाड आणि सरळ, भराभर झालं तर बारीक आणि वेडेवाकडे. वरून पाणी शिरलं असेल तर सरळ खांबांच्या डोक्यावर विस्कटलेल्या बारीक खांबांचा जाड थर बसतो.

दरीत उतरल्यावर डावी-उजवी बघत हा थर शोधावा. काही ठिकाणी खांब वाकलेले आहेत, काही ठिकाणी जवळजवळ आडवे. आडव्या खांबांची टोकं समोरून बघितली की साखर कारखान्याच्या रांगेत उभी असलेली उसाची ट्रॉलीच आठवते: मोळ्या एकावर एक रचलेल्या आणि कापलेली तोंडं आपल्याकडे. फरक एवढाच की इथे प्रत्येक कांडं मांडीएवढं किंवा त्याहून जाड आहे. खांबांवर आडव्या पट्ट्याही दिसतील, करवतीनं थोडं थोडं कापत गेल्यासारख्या. भेग सलग पुढे जात नाही, टप्प्याटप्प्यानं सरकते. एकेक पट्टी म्हणजे तिचा एकेक टप्पा.

नदीनं ही दरी कोरली तीही या भेगांच्या जोरावर. हिमनदी खालचा खडक घासते आणि त्याचं पीठ करते, अगदी गिरणीतून निघावं तसं. वितळलेल्या पाण्यातून ते पीठ आणि वाळू वाहत येते आणि पॉलिश पेपरसारखी खडकावरून फिरते. पण निव्वळ घासून एवढी खोली यायला फार काळ लागला असता. मोठं काम उपटण्याचं. भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, खांब सैल होतो आणि पुराचा लोंढा त्याचे तुकडे उचलून नेतो. भिंतीतून वीट काढली की शेजारची वीट सैल होते, तसं.

रंगाचं गणित साधं आहे. पाण्यात खडकाचं पीठ भरपूर असेल तर पाणी राखाडी-तपकिरी. पीठ अगदी थोडं आणि अगदी बारीक असेल तर ते निळाहिरवा उजेड जास्त विखुरतं. आज दरीतून जे वाहतं ते धरणाच्या खालच्या झऱ्यांचं, ओढ्यांचं आणि माळावरच्या बर्फाचं पाणी. हिमनदीचा गाळ वर हौल्सलोनमध्ये अडकून बसतो. म्हणून निळं.

आता मुख्य मुद्दा, कधी जायचं.

हिमनदीवरची नदी आपल्या नदीसारखी पावसावर चालत नाही, उन्हावर चालते. आपल्याकडे गगनबावड्याला कोसळला की पंचगंगा फुगते. तिकडे सलग उबदार दिवस आले की योक्ला फुगते, आणि दिवसातसुद्धा दुपार उलटल्यावर लोंढा वाढतो. सगळ्यात जास्त पाणी जुलै-ऑगस्टमध्ये येतं. वसंतात हौल्सलोन तळाला गेलेलं असतं, उन्हाळाभर चढत जातं. समुद्रसपाटीपासून ६२५ मीटरला ते पूर्ण भरतं आणि सांडव्यावरून जास्तीचं पाणी जुन्या पात्रात कोसळू लागतं. त्या दिवसापासून स्तुद्लागिलमध्ये जुनी योक्ला परत येते.

हे बहुतेक वर्षी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर या दरम्यान सुरू होतं आणि सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरपर्यंत, चालतं. उन्हाळा गार गेला तर फार उशिरा भरतं किंवा भरतच नाही. म्हणजे तारीख ठोकून सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. तिथली सरकारी वीज कंपनी लांड्सविर्क्युन जलाशयांची पातळी संकेतस्थळावर टाकते. निघण्याआधी तीन-चार आठवडे ती रोज बघायला लागा. हौल्सलोनचा पसारा ५७ चौरस किलोमीटर. म्हणजे वरचा एक मीटर भरायला ५.७ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत २ टीएमसी पाणी लागतं. पातळी ६२३ वर असेल आणि रोज अर्धा मीटर चढत असेल तर हाताशी चार दिवस उरले. हवामान गार होऊन चढ रोज दहा सेंटिमीटरवर आला तर वीस दिवस. राधानगरी ३४७ फुटांवर आलं की दरवाजा कधी उघडेल हे बांधणारे लोक आपण, हे त्याहून अवघड नाही.

मे ते जूनचा पहिला भागही बेभरवशाचा. धरण तेव्हा रिकामं असतं, पण माळावरचा बर्फ वितळून ओढे गढूळ येतात आणि वाटेवर चिखल असतो. आमचं मत विचाराल तर जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा तिसरा आठवडा. सुट्ट्यांच्या हिशेबानं मे महिन्यात जाणाऱ्यांनी रंगाची फार आशा धरू नये. वेळ दुपारी एकच्या आसपासची ठेवा. त्या रेखांशावर सूर्य माथ्यावर यायला एक वाजतो, आणि खोल दरीच्या तळाशी उजेड पोचायचा तर सूर्य जितका वर तितकं बरं. जूनमध्ये रात्र जवळपास होतच नाही म्हणून संध्याकाळी नऊला जाणाऱ्यांना उजेड मिळतो, पण तो कड्यांवर, पाण्यावर नाही.

दुसरी नेहमीची चूक काठाची. दरीला दोन काठ आहेत आणि ते एकमेकांना दरीपाशी जोडलेले नाहीत. नकाशात नुसतं दरीचं नाव टाकलं तर तो बहुतेकदा पश्चिमेच्या ग्रुंड नावाच्या शेतावर नेऊन सोडतो. देशाला वळसा घालणाऱ्या रिंगरोडवरून ९२३ क्रमांकाच्या रस्त्याला वळल्यापासून हे १९ किलोमीटर. तिथे वाहनतळ आहे आणि दोनशेहून जास्त पायऱ्यांचा लोखंडी जिना उतरून सज्जावर जाता येतं. पाऊण तासात काम होतं. मात्र दरी वरूनच दिसते, पाण्यापर्यंत जाता येत नाही. गुडघे दुखणारी मंडळी सोबत असतील तर उतरण्यापेक्षा चढण्याचा विचार आधी करा.

खांबांच्या पायाशी जायचं तर पूर्वेचा काठ. त्याच ९२३ वर साधारण १४ किलोमीटरला क्लौस्तुरसेल शेताकडे वळायचं. तिथे नदीवर अमेरिकेत बनवलेला लोखंडी पूल आहे, १९०८ सालचा. पुलापासून चालत गेलात तर दरी एका बाजूला सुमारे ५ किलोमीटर. पूल ओलांडून पुढच्या वाहनतळापर्यंत गाडी नेली तर अडीच. वाट सपाट आहे, मध्ये स्तुद्लाफोस धबधबा लागतो, त्याच्याही मागे खांबांचीच भिंत. पुढच्या तळावरून जाऊन-येऊन, खाली थोडं रेंगाळून, तीन तास धरावेत.

शेवटचा उतार सांभाळून. खांबांची टोकं पायऱ्यांसारखी दिसतात आणि तिथेच माणूस गाफील होतो. कोरडा बेसाल्ट छान धरतो, पण त्यावर नदीचा बारीक गाळ बसला आणि शिंतोडे उडाले की तो शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा होतो. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट लागतात, गुळगुळीत स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. पाण्यात उतरू नका. पाणी शांत दिसतं कारण ते खोल आहे. खाली ओढ आहे, पाणी बर्फाइतकं गार आहे आणि काठ उभे असल्यानं बाहेर यायला धरायला काही नाही. पंचगंगेत पोहून मोठे झालेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

गाडीचं थोडक्यात. आइसलँडमध्ये उजव्या बाजूनं चालवतात. आपल्या लायसन्ससोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, तो एक वर्ष चालतो. डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, वस्तीत ५० ही मर्यादा, आणि दिवे दिवसाही चालू. एकेरी पूल बरेच लागतात. तिथे जो आधी पोचेल तो आधी जातो, हेडलाइट मारून घुसायचं नाही. डांबर संपून खडी सुरू होते त्या सांध्यावर वेग कमी करा, परक्यांच्या गाड्या घसरतात त्या बहुतेक तिथेच. भाड्याच्या गाडीला खडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र दाराची. वारा इतका असतो की उघडलेलं दार उलटं फिरून बिजागरीतून वाकतं, आणि ते नुकसान बऱ्याच विम्यांत बसत नाही. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. मागे बसलेल्या पोरांना हे आधी सांगून ठेवा. पेट्रोल एगिल्स्स्तादिर या गावातच भरून घ्या, तिथून दरी ७० किलोमीटरच्या आसपास. पंपावर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड लागतं. मदतीला क्रमांक ११२.

जीन्स घालू नका. भिजलेली जीन्स तिथे दिवसभर वाळत नाही.

आणि समजा सगळं करूनही सांडवा सुटलाच, दरी गढूळ निघाली, तर स्तुद्लागिल तासाभरात आटोपून गाडी सरळ धरणाकडे वळवावी. एगिल्स्स्तादिरवरून लागारफ्ल्योत या लांबलचक तळ्याच्या काठानं जाऊन ९१० क्रमांकाचा रस्ता पकडायचा. तो धरणापर्यंत डांबरी आहे. वाटेत तळ्याचं पाणी जरूर बघा. योक्लाचा जो गाळ स्तुद्लागिलमधून नाहीसा झाला, त्यातला बारीक भाग इथे आला. वीजघरातून निघालेलं पाणी याच तळ्यात येतं, त्यामुळे तळं आधीपेक्षा गढूळ झालं, उजेड खोलवर जाईना आणि माशांचं खाणं घटलं. वर हौल्सलोनखाली रेनडिअरची आणि गुलाबी पायांच्या रानहंसांची जमीन गेली. २००६ च्या सप्टेंबरात रेक्याविकच्या रस्त्यावर हजारो लोक याविरुद्ध उतरले होते, पुढे ओमार राग्नार्सन हे दूरचित्रवाणीवरचे ज्येष्ठ पत्रकार. धरणामुळे दरी मिळाली असं प्रवासी पत्रकांत छापतात, पण त्या हिशेबात हे तळं धरलेलं नसतं.

त्याच वाटेवर हेंगिफोस लागतो, १२८ मीटरचा धबधबा. काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीच्या पट्ट्या आहेत. सह्याद्रीच्या घाटांत कातळाच्या दोन थरांमध्ये दिसतात त्यांचीच भावंडं: दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली आणि वरच्या लाव्हानं भाजून काढलेली.

धरणावर पोचलात की सांडव्याच्या बाजूला जा. पाणी उतरणीवरून धावत येऊन सुमारे ९० ते १०० मीटर खाली दिम्मुग्ल्यूवुर, म्हणजे काळोखी दरी, हिच्या तळाशी कोसळतं. आइसलँडचा प्रसिद्ध देत्तीफोस धबधबा ४४ मीटरचा. सांडव्याच्या या धबधब्याला नाव दिलंय क्वेरफान्दी, नाहीसा होणारा, कारण जलाशय उतरला की तो बंद. तुषार पार कठड्यापर्यंत येतात आणि त्यांत गाळ असतो. कॅमेऱ्याची काच कोरड्या कपड्यानं पुसलीत तर बारीक ओरखडे उठतील. आधी बाटलीतलं पाणी ओता, मग पुसा.